थायलंडमधला कायमचा पाहुणा

सकाळचे आठ वाजतात आणि बँकॉकच्या लुंपिनी उद्यानात ध्वनिक्षेपकांवरून राष्ट्रगीताचे सूर ऐकू येऊ लागतात. धावणारे जागच्या जागी थांबतात, कचेरीकडे निघालेला कारकून पावले आवरतो, बाकावर बसलेली म्हातारी माणसे उठून उभी राहतात. मिनिटभर सारे उद्यान स्तब्ध होते. गीत संपते आणि मध्ये काही घडलेच नाही अशा रीतीने सगळे पुन्हा धावू लागतात. संध्याकाळी सहा वाजता हेच दृश्य पुन्हा दिसते. उद्यानात, रेल्वे स्थानकांत, बसच्या आगारांत. या गर्दीत परदेशी मनुष्यही उभा असतो. गीताचे शब्द त्याला येत नाहीत. पहिल्या दिवशी तो इतरांकडे पाहून गोंधळून थांबतो, वर्षभराने सवयीने थांबतो आणि दहा वर्षांनी आपण थांबलो आहोत हेही त्याच्या ध्यानात येत नाही.

थायलंडमध्ये दीर्घकाळ वास्तव्य करणाऱ्या परदेशी माणसाचे जीवन या एका मिनिटावरून बरेचसे समजते. कुठे थांबावे, कशाविषयी बोलू नये आणि कोणत्या प्रश्नाला नुसत्या हसण्याने उत्तर द्यावे, हे त्याला हळूहळू उमगते. त्याच्या बदल्यात त्याला मिळते तेही थोडे नाही. स्वस्त आणि रुचकर अन्न, मृदू स्वभावाचे शेजारी, उत्तम खासगी रुग्णालये, समुद्र आणि डोंगर हे सारे त्याच्या वाट्याला येते. एक गोष्ट मात्र सहसा वाट्याला येत नाही, ती म्हणजे घरचेपण. तो पाहुणा म्हणून येतो आणि तीस वर्षांनंतरही पाहुणाच असतो. असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी थायलंडचा इतिहास, तेथील कायदे आणि गेल्या दोन दशकांतील राजकारण यांच्याकडे एकत्रितपणे पाहावे लागते.

फिरंगी आणि पाहुणा

थाई भाषेत गोऱ्या माणसाला ‘फरांग’ म्हणतात. मराठीतला ‘फिरंगी’ आणि हा ‘फरांग’ एकाच कुळातले शब्द आहेत. युरोपातील ‘फ्रँक’ लोकांचे नाव अरबी-फारसीतून पूर्वेकडे प्रवास करीत आले आणि प्रत्येक बंदरावर थोडे बदलत गेले. गंमत अशी की थाई भाषेत पेरूलाही ‘फरांग’च म्हणतात. परदेशातून आलेले हे फळ आता तेथील प्रत्येक हातगाडीवर दिसते, मात्र त्याचे नाव अजून परकेच आहे.

भारतीय माणसासाठी वेगळा शब्द आहे: ‘खॅक’. त्याचा मूळ अर्थ पाहुणा. भारतीय, मलय, अरब अशा पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून आलेल्या लोकांना तो सरसकट लावला जातो. बँकॉकच्या सिलोम रस्त्यावरील मरिअम्मन देवीचे तमिळ पद्धतीचे मंदिर सर्वांना ‘वाट खॅक’, म्हणजे ‘पाहुण्यांचे देऊळ’, या नावानेच ठाऊक आहे. नवरात्रात तेथे जमणाऱ्या भाविकांत थाई बौद्धांची संख्या मोठी असते. फाहुरात भागात कापडाचा व्यापार करणारी शीख आणि इतर पंजाबी कुटुंबे तीन-चार पिढ्यांपासून तेथे आहेत. त्यांची मुले थाई शाळांत शिकली, अनेकांनी नागरिकत्व घेतले, काहींनी थाई आडनावेही स्वीकारली. तरीही बाजारात त्यांची ओळख ‘खॅक’ हीच राहते. या शब्दात तुच्छता आहे असे काहींना वाटते, तर काहींना त्यात केवळ वर्णन दिसते. शब्दाचा मूळ अर्थ मात्र विसरण्याजोगा नाही.

वास्तविक भारतीयांना, त्यातही मराठी माणसाला, या देशात परके वाटावे असे फार थोडे आहे. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी, जुन्या राजधानीचे नाव अयोध्येवरून ठेवलेले अयुथ्थया, आणि गणपती तर सर्वत्र. ‘फ्रा फिकनेत’ या नावाने तो कलेचा देव म्हणून पूजला जातो. सरकारच्या ललितकला विभागाच्या बोधचिन्हावरही तोच आहे. चाचोएंगसाओ प्रांतातील त्याची उभी कांस्यमूर्ती ३९ मीटर उंच आहे. राष्ट्र, धर्म आणि राजा या ज्या त्रयीवर थाई राज्य उभे आहे, तिचे थाई शब्दही ‘जाति’, ‘शासन’ आणि ‘क्षत्रिय’ या संस्कृत शब्दांवरून आलेले आहेत. देव आणि शब्द तेथे पूर्णपणे घरचे झाले. माणसांच्या बाबतीत तसे झाले नाही.

कायद्याच्या वरचा परदेशी

याचे एक कारण एकोणिसाव्या शतकात सापडते. थायलंड, म्हणजे तेव्हाचा सयाम, युरोपीय सत्तांची वसाहत कधीच झाला नाही, ही गोष्ट प्रत्येक थाई मूल शाळेत अभिमानाने शिकते. परंतु या स्वातंत्र्याची किंमत मोजावी लागली होती. १८५५ साली ब्रिटनशी झालेल्या बोरिंग करारानुसार आयातीवरील जकात तीन टक्क्यांवर मर्यादित करण्यात आली आणि ब्रिटिश प्रजाजनांना सयामी न्यायालयांच्या अधिकारकक्षेतून वगळण्यात आले. इतर युरोपीय देशांनीही असेच करार करून घेतले. ब्रिटिश प्रजाजन म्हणजे केवळ इंग्रज नव्हेत. ब्रह्मदेशातून आणि हिंदुस्थानातून आलेले व्यापारीही त्यात मोडत. परदेशी माणूस गुन्हा करतो आणि आपले न्यायाधीश त्याला बोलावूही शकत नाहीत, ही बोच सयामी राज्यकर्त्यांनी जवळजवळ ऐंशी वर्षे सोसली. हे विशेषाधिकार पूर्णपणे संपुष्टात यायला १९३० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली.

नेमक्या त्याच काळात फील्ड मार्शल फिबून यांच्या राष्ट्रवादी सरकारने देशाला नवे रूप देण्यास प्रारंभ केला. १९३९ मध्ये सयामचे नाव बदलून थायलंड झाले. सध्याचे राष्ट्रगीत त्याच वर्षीचे आणि त्यासाठी उभे राहण्याची सक्तीही त्याच वर्षीच्या फर्मानांतून आलेली. पाठोपाठ काही व्यवसाय केवळ थाई नागरिकांसाठी राखून ठेवण्यात आले. त्यांचा रोख तेव्हा प्रामुख्याने चिनी स्थलांतरितांवर होता. पाहुण्याने पाहुण्यासारखे राहावे, हे धोरण अशा रीतीने एका जुन्या अपमानाच्या आठवणीतून आकाराला आले. आजचा परदेशी रहिवासी ज्या नियमांनी त्रासतो, त्यांच्या मुळाशी ही आठवण आहे, हे त्याला बहुधा कोणी सांगत नाही.

नव्वद दिवसांचा हिशेब

आजचे बहुतेक नियम १९७९ च्या स्थलांतर कायद्यातून येतात. सलग नव्वद दिवसांहून अधिक काळ राहणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशन कार्यालयाला कळवावा लागतो. हे काम आता संगणकावरूनही करता येते, पण हजेरीची कल्पना तीच. विसर पडला तर दोन हजार बाट दंड. याखेरीज ज्या घरात परदेशी मनुष्य मुक्काम करील, त्या घराच्या मालकाने चोवीस तासांच्या आत तशी नोंद करावयाची असते. थाई पत्नी आपल्या घरात राहणाऱ्या परदेशी नवऱ्याची नोंद करते, तीही याच नियमाने.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला निवृत्त म्हणून राहण्याची मुभा आहे. त्यासाठी थाई बँकेत आठ लाख बाटची ठेव किंवा दरमहा ६५ हजार बाटचे उत्पन्न दाखवावे लागते. ही परवानगी वर्षभराची असते आणि दर वर्षी नव्याने मागावी लागते. वीस वर्षे राहिलेल्या माणसाने वीस वेळा अर्ज केलेला असतो. कायमच्या वास्तव्याचा परवाना अस्तित्वात आहे. मात्र कायद्यानुसार कोणत्याही एका देशाच्या नागरिकांना वर्षाला शंभराहून अधिक परवाने देता येत नाहीत. पर्यटकाला मात्र दार सताड उघडे. २०२४ च्या जुलैत भारतासह ९३ देशांच्या नागरिकांना व्हिसाविना साठ दिवस राहण्याची सवलत जाहीर झाली, आणि दूरस्थ पद्धतीने काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांचा नवा व्हिसाही निघाला. थोड्या दिवसांचा पाहुणा सर्वांनाच हवा असतो. मुक्काम लांबला की कागद वाढत जातात.

दारावरचा हा भेद लहानसहान गोष्टींतही दिसतो. राष्ट्रीय उद्यानांच्या प्रवेशद्वारावर परदेशी माणसासाठीचा दर इंग्रजी आकड्यांत लिहिलेला असतो आणि थाई नागरिकांचा, त्याहून कितीतरी कमी असलेला दर, थाई आकड्यांत. जो थाई आकडे वाचायला शिकतो, त्याला हा फरक कळतो, पण त्याची सवलत त्याला मिळतेच असे नाही. अर्थात ताजमहालाच्या तिकीट खिडकीवर परदेशी पर्यटकाला किती पैसे मोजावे लागतात हे ठाऊक असलेल्या भारतीयाने याविषयी फार तक्रार करू नये.

जमीन बायकोची, जावई परका

थायलंडच्या ईशान्य भागात, ज्याला ईसान म्हणतात, खेड्यापाड्यांतून एक दृश्य आता नेहमीचे झाले आहे. भातशेतीच्या कडेला एखादे प्रशस्त, रंगवलेले, कुंपण घातलेले घर दिसते आणि गावकरी ते ‘फरांग जावया’चे घर असल्याचे सांगतात. घर बांधण्याचा खर्च जावयाचा, पण त्याखालची जमीन त्याची नसते. थायलंडमध्ये परदेशी व्यक्तीला, अगदी थोडे अपवाद वगळता, जमीन विकत घेता येत नाही. जमीन पत्नीच्या नावावर घेतली जाते आणि त्या वेळी पतीला लेखी सांगावे लागते की हे पैसे पत्नीचेच असून आपला त्यावर हक्क नाही. त्याला सदनिका घेता येते, पण एका इमारतीतील एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांहून अधिक भाग परदेशी लोकांच्या मालकीचा असता कामा नये. जमिनीचा भाडेपट्टा तीस वर्षांहून अधिक काळाचा नोंदवता येत नाही. नामधारी थाई भागधारक पुढे करून कंपनीच्या नावाने जमीन घेण्याचा मार्ग अनेकांनी पत्करला. तो बेकायदा आहे आणि फुकेत व सामुई या बेटांवर त्याविरुद्ध वेळोवेळी कारवाई होते.

ही व्यवस्था अन्यायाची आहे असे परदेशी माणसाला वाटते आणि लग्न मोडले की ती त्याला जाचतेही. तथापि गावाच्या बाजूने पाहिले तर चित्र पालटते. ईसान हा देशातील गरीब प्रदेश. तेथील एका शेतकऱ्याची संपूर्ण वर्षाची कमाई ज्या माणसाच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाहून कमी असते, त्याला जमीन खरेदीची मोकळीक दिली तर गावाची जमीन गावाकडे किती दिवस राहील, हा प्रश्न थाई लोकप्रतिनिधी उघडपणे विचारतात. २०२२ साली एका सरकारने मोठी गुंतवणूक करणाऱ्या परदेशी व्यक्तींना सुमारे अर्धा एकर जमीन घेऊ देण्याचा प्रस्ताव आणला होता. लोकांच्या विरोधामुळे तो काही आठवड्यांतच मागे घ्यावा लागला.

गल्लीतून दिसलेली बंडे

थाई भाषेत राज्यघटनेला जो शब्द आहे त्यात ‘राष्ट्र’ आणि ‘धर्म’ आहेत. लष्करी सत्तांतराला जो शब्द आहे त्यात ‘राष्ट्र’ आणि ‘प्रहार’. १९३२ साली अनियंत्रित राजेशाही संपुष्टात आली तेव्हापासून २०१४ पर्यंत असे बारा प्रहार यशस्वी झाले, आणि २०१७ ची राज्यघटना ही विसावी.

परदेशी रहिवाशाला पहिले बंड भीतिदायक वाटते आणि नंतर त्याच्या लक्षात येते की आपल्या गल्लीत फारसे काही बदललेले नाही. १९ सप्टेंबर २००६ च्या रात्री पंतप्रधान थाक्सिन शिनावात संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीसाठी न्यूयॉर्कला गेलेले असताना बँकॉकच्या रस्त्यांवर रणगाडे आले. त्यांच्या तोफांना राजाच्या निष्ठेचे प्रतीक म्हणून पिवळ्या फिती बांधलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नागरिक सैनिकांना फुले देत होते आणि मुलांना रणगाड्यांपुढे उभे करून छायाचित्रे काढत होते. नूडल्सच्या गाड्या नेहमीच्या जागी होत्या.

त्या फुलांचा अर्थ समजण्यासाठी ईसानमध्ये जावे लागे. थाक्सिन यांनी २००१ नंतर सुरू केलेल्या योजनेमुळे गरीब शेतकऱ्याला अवघ्या तीस बाटमध्ये रुग्णालयात उपचार मिळू लागले होते. श्रीमंत बँकॉकला भ्रष्ट आणि उर्मट वाटणारा हा उद्योगपती गावांसाठी पहिला आपला नेता होता. परदेशी जावयाला ही योजना लागू नव्हती. पण सासूबाईंची शस्त्रक्रिया तीस बाटमध्ये झालेली त्याने पाहिली होती. वृत्तपत्रे वाचणाऱ्या बँकॉकवासी परदेशी माणसाचा आणि गावात राहणाऱ्या परदेशी माणसाचा थायलंड तेव्हापासूनच वेगळा होता.

पुढची आठ वर्षे रंगांची होती. २००८ मध्ये राजनिष्ठ ‘पिवळ्या सदऱ्या’च्या आंदोलकांनी सुवर्णभूमी विमानतळ ताब्यात घेतला. मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला तोच हा आठवडा. २५ नोव्हेंबरपासून सुमारे आठ दिवस लाखो प्रवासी अडकून पडले. २०१० मध्ये थाक्सिनसमर्थक ‘लाल सदऱ्यां’नी राजधानीचा मध्यवर्ती बाजार व्यापला आणि १९ मे रोजी लष्कराने तो मोकळा केला, त्या एप्रिल-मे महिन्यांत नव्वदहून अधिक माणसे मारली गेली. त्या काळात सकाळी कपाटातून कोणत्या रंगाचा सदरा काढावा, हाही विचार करण्याजोगा प्रश्न झाला होता.

२२ मे २०१४ रोजी जनरल प्रयुत चान-ओचा यांनी सत्ता घेतली तेव्हा रात्री दहा ते पहाटे पाच अशी संचारबंदी जारी झाली. ती सर्वात आधी कुठे उठली? पट्टाया, फुकेत आणि सामुई येथे. पाहुण्यांची गैरसोय होऊ नये याची काळजी बंडानेही घेतली होती. त्याच दिवसांत बँकॉकमध्ये तीन बोटे उंचावून मूक निषेध करणाऱ्या थाई तरुणांना पोलीस उचलून नेत होते.

ज्याविषयी बोलायचे नाही

थाई दंडसंहितेचे कलम ११२ राजा, राणी, युवराज आणि राजप्रतिनिधी यांची बदनामी, अपमान किंवा धमकी यासाठी आहे. प्रत्येक आरोपास तीन ते पंधरा वर्षे कारावास. ही शिक्षा पूर्वी एवढी कडक नव्हती; १९७६ च्या बंडानंतर ती वाढवण्यात आली. या कलमाची खरी धार आणखी एका गोष्टीत आहे: तक्रार कोणीही, कोणाविरुद्धही करू शकतो आणि ती आली की पोलीस सहसा बाजूला सारत नाहीत.

परदेशी नागरिकही यातून सुटलेले नाहीत. राजाच्या तसबिरींवर रंग फवारल्याबद्दल एका स्विस रहिवाशाला २००७ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. स्वतः प्रसिद्ध केलेल्या कादंबरीतील एका परिच्छेदावरून एका ऑस्ट्रेलियन लेखकास २००९ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. दोघांनाही राजाने काही आठवड्यांत माफी दिली आणि ते मायदेशी गेले. राजा भूमिबल यांनी स्वतः २००५ मधील वाढदिवसाच्या भाषणात राजावरही टीका होऊ शकते असे सांगितले होते. कलम मात्र तसेच राहिले.

भूमिबल यांच्या निधनानंतर, ऑक्टोबर २०१६ पासून, सारा देश वर्षभर काळ्या कपड्यांत वावरला. दुकानांतले काळे कापड संपले, तेव्हा लोकांनी जुने कपडे काळ्या रंगात बुडवले. परदेशी रहिवाशांनीही काळे कपडे घातले, अनेकांनी मनापासून. सत्तर वर्षे एकच राजा पाहिलेल्या समाजाचे ते दुःख खरे होते. त्या दुःखाच्या खरेपणामुळेच कलम ११२ विषयीची चर्चा अवघड होते. येथे भीती आणि भक्ती शेजारी शेजारी नांदतात आणि बाहेरच्या माणसाला समोरच्याच्या मौनाचे कारण त्यांतले नेमके कोणते, हे ओळखता येत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पॉल चेंबर्स या अमेरिकी अभ्यासकास फित्सानुलोक येथे अटक झाली. थाई लष्कराच्या अंतर्गत रचनेवर संशोधन करणारे चेंबर्स तेथील नरेसुआन विद्यापीठात शिकवत होते आणि सुमारे तीन दशके थायलंडमध्ये होते. सिंगापूरमधील एका संस्थेच्या चर्चासत्राच्या निवेदनातील मजकुरावरून लष्कराने तक्रार केली होती. तो मजकूर आपण लिहिलेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील महिन्यात सरकारी वकिलांनी खटला न चालवण्याचा निर्णय घेतला. परंतु तोवर त्यांचा व्हिसा रद्द झाला होता. मेअखेरीस ते देश सोडून गेले. आरोप टिकला नाही, तरी पाहुणचार संपला.

मतपेटी आणि न्यायालय

२०२० मध्ये विद्यार्थी रस्त्यांवर उतरले आणि राजसंस्थेत सुधारणा करण्याची मागणी त्यांनी जाहीरपणे केली. थायलंडमध्ये हे अभूतपूर्व होते. त्यानंतरच्या वर्षांत अडीचशेहून अधिक लोकांवर कलम ११२ खाली खटले भरले गेले. मे २०२३ च्या निवडणुकीत या कलमात दुरुस्ती करू म्हणणाऱ्या मूव्ह फॉरवर्ड पक्षाला पाचशेपैकी १५१ जागा मिळाल्या आणि तो सर्वात मोठा पक्ष ठरला. पण लष्करी राजवटीने नेमलेल्या २५० सदस्यांच्या सिनेटलाही पंतप्रधान निवडण्यासाठी मत होते. पक्षाचे नेते पिता लिमचारोएनरात पंतप्रधान होऊ शकले नाहीत. स्रेत्था थाविसिन पंतप्रधान झाले आणि त्याच दिवशी, २२ ऑगस्ट २०२३ रोजी, थाक्सिन पंधरा वर्षांच्या परागंदा जीवनानंतर परतले. वर्षभराने, ७ ऑगस्ट २०२४ रोजी, घटना न्यायालयाने मूव्ह फॉरवर्ड पक्ष विसर्जित केला. आठवडाभरात त्याच न्यायालयाने स्रेत्था यांनाही पदावरून दूर केले.

त्यांच्यानंतर आलेल्या थाक्सिनकन्या पेतोंगतार्न यांचे पद कंबोडियाचे नेते हुन सेन यांच्याशी झालेल्या दूरध्वनी संभाषणाची ध्वनिफीत फुटल्यामुळे २९ ऑगस्ट २०२५ रोजी गेले. सप्टेंबरमध्ये संसदेने अनुतिन चार्नवीराकुल यांना पंतप्रधान निवडले आणि थाक्सिन यांची रवानगी तुरुंगात झाली. २००८ पासून घटना न्यायालयाने पाच पंतप्रधानांना घरी पाठवले आहे. त्यांतील पहिले, समक सुंदरवेज, दूरचित्रवाणीवरील पाककृतींच्या कार्यक्रमाचे मानधन घेतल्याच्या कारणावरून गेले होते. रणगाड्यांची जागा निकालपत्रांनी घेतली, असे तेथील अनेक निरीक्षक म्हणतात. परदेशी रहिवासी हे सारे वाचतो, आपली मते बनवतो आणि टॅक्सीत बसल्यावर हवामानाविषयी बोलतो.

दुसरे परदेशी

‘थायलंडमधील परदेशी’ म्हटले की डोळ्यांसमोर पट्टायाच्या किनाऱ्यावरचा गोरा निवृत्त गृहस्थ येतो. प्रत्यक्षात बहुसंख्य परदेशी रहिवासी म्यानमार, कंबोडिया आणि लाओसमधून आलेले मजूर आहेत. नोंदणी झालेल्यांचीच संख्या वीस लाखांहून अधिक आहे. बँकॉकशेजारच्या सामुत साखोन प्रांतात कोळंबी सोलणारे, इमारतींवर सळया बांधणारे, घरांत धुणीभांडी करणारे हे लोक. त्यांच्यासाठी ‘फरांग’सारखा कौतुकमिश्रित शब्द नाही. २८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमधील भूकंपाच्या धक्क्याने बँकॉकमध्ये सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाची बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळली, तेव्हा ढिगाऱ्याखाली म्यानमारचे मजूरही होते. त्याच वर्षी जुलैत कंबोडियाच्या सीमेवर पाच दिवस तोफा धडाडल्या आणि लाखो कंबोडियन कामगार घाईघाईने मायदेशी निघाले. डिसेंबरमध्ये लढाई पुन्हा भडकली. राष्ट्रवादाचा पारा चढतो तेव्हा पाहुण्यांमध्येही कोण आधी परका ठरतो, हे त्या वर्षी दिसले.

भीड

थाई समाजजीवनाची किल्ली म्हणून ‘क्रेंग चाइ’ या शब्दाचा उल्लेख नेहमी केला जातो. इंग्रजी लेखक त्याच्या भाषांतरासाठी परिच्छेद खर्ची घालतात. मराठीत त्यासाठी ‘भीड’ हा शब्द पुरेसा आहे. समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून आपले म्हणणे गिळणे, वडीलधाऱ्यांपुढे आवाज न चढवणे, नाही म्हणायचे असेल तरी हसून विषय बदलणे हे सारे या एका शब्दात येते. परदेशी माणूस आधी या भिडेला लबाडी समजतो. पुढे तीच त्याला शेजाऱ्यांची सर्वात लाघवी गोष्ट वाटू लागते. रस्त्यावर गाड्या घासल्या तरी दोन्ही चालक सहसा हात जोडून बोलू लागतात, हे पाहिलेल्या मुंबईकराला तिचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र भीड आणि भीती यांच्यातली सीमारेषा फार पातळ आहे. शेजाऱ्याचे मन राखण्यासाठी पाळलेले मौन आणि कलम ११२ च्या धाकाने पाळलेले मौन बाहेरून सारखेच दिसते. परदेशी रहिवाशाला हे मौन तुलनेने स्वस्त पडते. त्याने ते मोडले तर बहुधा व्हिसा जातो, क्वचित काही दिवस कोठडी, आणि मग विमानाचे तिकीट. म्हणूनच ‘आम्ही येथे पाहुणे, आम्ही का बोलावे’ हा युक्तिवाद तो सहज करू शकतो, आणि त्यात तथ्यही आहे. ज्या देशात मताचा अधिकार नाही तेथील घरगुती वादात पाहुण्याने पडू नये, असे कोणताही शहाणा माणूस म्हणेल.

परंतु लुंपिनी उद्यानात सकाळी आठ वाजता त्याच्या शेजारी उभी असलेली थाई विद्यार्थिनी पाहुणी नाही. जानेवारी २०२१ मध्ये एका माजी महिला सरकारी कर्मचाऱ्याला राजसंस्थेवर टीका करणाऱ्या ध्वनिफिती प्रसारित केल्याबद्दल ८७ वर्षांची शिक्षा सुनावली गेली आणि गुन्हा कबूल केल्यामुळे ती निम्मी करण्यात आली. त्या विद्यार्थिनीला हे प्रकरण ठाऊक असते, न्यायालयाने विसर्जित केलेल्या पक्षाला तिच्या घरातल्या कोणी मत दिलेले असते, आणि राष्ट्रगीताचे सगळे शब्द तिला पाठ असतात. जाण्यासाठी दुसरा देश तिच्यापाशी नाही. गीत संपल्यावर दोघेही धावू लागतात.